जिन्यातली हाक

ऐंशी सालाच्या आसपास बेळगावात फ्लॅट ही नवलाईच होती. गावाबाहेरच्या हिंडलग्यातलं आमच्या घराचं अंगण सोडून भर बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायला जायचं का, यावर आम्हा नवराबायकोचं एकमत होईना. तिसऱ्यांदा फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा समोरचा फ्लॅट बघायला निपाणीची एक बाई तिच्या नोकरदार मुलाबरोबर आली होती. उघड्या दारातून आम्हाला सगळं दिसत होतं.

मुलगा नळ आणि खिडक्या तपासत होता. बाई मात्र प्रत्येक खोलीत मांडी घालून बसायची, मांडीवर सूप असल्यासारखी बोटं हलवायची आणि उठायची. जन्मभर विड्या वळलेली बोटं ती.

"हितं उजेड झ्याक हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात वाऱ्यानं आमचं दार लागलं. पाठोपाठ जिन्यातून त्या बाईची खणखणीत हाक आली, "आक्का गंऽ!"

"आई, हितं कोन हाय वळखीचं?" दारापलीकडून मुलाचा ओशाळलेला आवाज आला.

"कोन न्हाय म्हनूनच मारली."

माझ्या बायकोनं धावत जाऊन दार उघडलं. बाई हसली आणि मुलाला म्हणाली, "बघ, उघडलं दार. आता घ्यायला हरकत न्हाय."

आम्हीही नुसतं बघायलाच आलोय, हे सांगायला माझी जीभ रेटेना. जिना उतरताना बायको म्हणाली, "घेऊ या."

समोरचा फ्लॅट शेवटी दुसऱ्याच कुणीतरी घेतला. ती बाई पुन्हा दिसली नाही. पण जिन्यात कुणीही कुणालाही हाक मारली, तरी पहिलं दार आमचं उघडतं.