न आलेला आकाशपाळणा

बंद पडलेल्या एका वॉटरपार्कच्या इतिहासावर मी कॉलेजचा प्रकल्प लिहीत होतो. त्यासाठी इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात एका काकांना भेटलो. ते पूर्वी त्या पार्कच्या गेटवर होते आणि तिथे विकले जाणारे मग, टोप्या, किचेन जमवत होते. नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांनी एकेक मग दुपट्ट्याने पुसून, कान उजवीकडे करून माझ्यापुढे मांडला. प्रत्येक मगवर आकाशपाळणा छापलेला होता.

"या पाळण्यावर मी पूर्ण पान लिहिलंय," मी म्हणालो. "लग्नाच्या वर्षी बाबा यात बसले होते."

"पाळणा आलाच नाही गा," काका म्हणाले. "मालकानं मग आधीच छापून घेतले. एकदम छापले का सस्ते पडते. मंग पाळणा यायच्या आधी पार्कच बंद पडलं."

कुहीला आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बाबा त्या पाळण्याची गोष्ट सांगतात.

"बाबा खोटं बोलत नाहीत," मी चाचरत म्हणालो.

"मी कुठं म्हटलं? माही बायकोबी बसली म्हणते. वरून तिले अंबाझरीचा तलाव दिसला." त्यांनी शेवटचा मग पुसला. "मी गेटवर होतो, मले सारं मालूम आहे. पण तिच्यासमोर मी काही बोलत नाही."

प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. घरी येऊन मी ते पान खोडलं आणि नव्याने लिहिलं, "या पार्कमध्ये आकाशपाळणा नव्हता. त्यात बसलेल्या दोन व्यक्तींची माहिती मिळाली."