खोकून दाखव

"काहून घाई करून राहिल्या? पुरण आहे, पळून थोडीच जाऊन राहिलं!" असं म्हणत स्वयंपाकाच्या मावशी सराटा कढईच्या काठावर आपटायच्या. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. सोवळं नेसून पहाटेपासून सोळा भाज्या, आंबील, पुरण.

त्या वर्षी त्या सत्तेचाळीसच्या होत्या. पाळी कधी दोन महिने गायब, कधी पंधराव्या दिवशी हजर. हसलं, खोकलं की थेंब सुटायचा. सांगणार कोणाला? बाईनं सणाच्या आदल्या दिवशी पाणी पिणंच सोडलं. त्यानं त्रास उलट वाढला. मिरच्यांच्या फोडणीचा ठसका बसला आणि सोवळं ओलं झालं. मी पाहिलं. नवी सून होते, सासूबाईंची मर्जी हवी होती. भरल्या घरात ओरडले, "आई, मावशींचं सोवळं बाटलं!"

सासूबाईंनी पुरण गाईपुढे ओतलं आणि मावशींना मागच्या दारानं घालवलं.

पुढे भाजीबाजारात भेटल्या. माझ्यावर चिडायचं सोडून खुशीत सांगायला लागल्या, "फिजिओथेरपीवाल्या दीदीकडे जाते ना मी! त्या म्हणतात, पेशाब रोकते हैं ना, वैसे कसो, दस तक गिनो, फिर छोड़ो. मी कणीक तिंबता तिंबता करते. कोणाला पत्ता नाही लागत."

पत्ता मी लागू दिला. अख्ख्या गल्लीला. मग मावशी दिसल्या की बायका विचारायच्या, "मावशी, कितीपर्यंत मोजलं?" मेल्या जिभेला माझ्या हाड नव्हतं.

पुढच्या महालक्ष्म्यांच्या आधी त्या घरी आल्या. आम्ही सात बायका वाती वळत बसलो होतो. "काकू, आता एक थेंब नाही. पाणीही भरपूर पिते. माझा स्वयंपाक मला द्या. त्या चुलीपुढे मला माझी किंमत वाटते."

सासूबाई वातीवरची नजर न उचलता म्हणाल्या, "खोकून दाखव."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सगळ्यात जास्त मी.

मावशींनी तांब्याभर पाणी मागून घेतलं, सगळं प्यायल्या. थोडं थांबल्या. मग आमच्या मधोमध उभं राहून तीनदा खोकल्या, पोटातून. पातळ घोट्यापर्यंत उचललं. फरशी कोरडी.

"आता तुम्ही खोका, काकू."

सासूबाईंनी वात खाली ठेवली.

"सूनबाई, तू?"

मला बाळंत होऊन तीन महिने झाले होते. मी गुडघे घट्ट जुळवले आणि खाली पाहिलं. मावशींनी एकेकीकडे पाहिलं. कोणीच खोकलं नाही.

त्या चपला घालून गेल्या, त्या गेल्याच. त्यांच्या मागे साधं हसायचीही हिंमत कोणाला झाली नाही.