मामांचं सांबर

शिकारी लोक सांबराच्या मागावर जाताना काय काय चुका करतात, हे साऱ्या पृथ्वीतलावर सगळ्यांत जास्त जर कुणाला ठाऊक असेल, तर ते माझ्या बायकोच्या मामांना. आता शिकारीवर बंदी येऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली, मामा राहतात चेन्नईत, वेळचेरीला, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि त्या घरातलं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे मामींची विळी. उभी हयात या माणसाने गिंडीच्या एका छोट्या वर्कशॉपात लेथवर काढली. पण तुम्ही समोर बसलात आणि कॉफीचा टंबलर हातात आला, की पाचव्या मिनिटाला मामा म्हणणार, "आतां नवशिका शिकारी काय करतो म्हणाल तर..." आणि तुम्ही गॅस सिलिंडर कधी येणार हे विचारायला आलेले असलात, तरी सांबर डोंगर उतरून खोलीत आलंच म्हणून समजा.

मी साताऱ्याकडचा. ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि तंजावरी मराठ्यांचा जावई होऊन बसलो. सासरची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय. लग्न ठरल्यावर मामांच्या पाया पडायला गेलो, तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आणि वर सढळ हाताने सेंट मारून. मामा दारातच थबकले, नाक वर केलं, डोळे मिटले. "मापिळ्ळै," ते म्हणाले. तमिळमध्ये जावईबापूंना असं म्हणतात. "मापिळ्ळै, तुम्ही शिकारीस गेलांत तर उपाशीं मराल." मग मला बसवून समजावलं की लोक बंदुकीला महिनाभर तेल पाजतात, पण आपल्या अंगाचा वास कुठे चाललाय याचा विचार करत नाहीत, आणि सांबराला तो वास अर्ध्या कोसावरून लागतो. हे सगळं बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, कारण टक लावून पाहिलेलं जनावराला कळतं, ही शिकाऱ्यांची दुसरी चूक. मला मात्र घरी येईपर्यंत वाटत होतं की मुलगा पसंत नाही.

वाऱ्यासाठी मामांच्या खिशात विभूतीची डबी असते. चिमूटभर विभूती दोन बोटांत धरायची, खांद्याच्या उंचीवर सोडायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. देवळाच्या रांगेत, बसस्टॉपवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही. एकदा बसमध्ये त्यांनी अशी चिमूट सोडली, तर पुढच्या सीटवरच्या बाईंनी भक्तिभावाने डोकं पुढे केलं. मामांनी त्यांच्या कपाळाला बोट लावलं, "नल्ला इरुम्मा," म्हणजे सुखी राहा, असा आशीर्वादही दिला, आणि मग वारा मागून आहे म्हणत पुढच्या दाराने खाली उतरले. आपला स्टॉप यायला अजून तीन स्टॉप बाकी होते. घरात पंखा लावायची तर सोयच नाही, कारण पंख्याने वारा खोटा होतो. चेन्नईचा मे महिना आणि पंखा बंद! मामींनी आतल्या खोलीत स्वतःचा एक टेबलफॅन ठेवलाय आणि दार आतून लावून घेतात. "मी शिकारी नाहीं, मज घाम येतो," असं त्यांचं म्हणणं, आणि माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे.

चालणं तर बघण्यासारखं. मामा म्हणतात, पाचोळा वाजला म्हणून सांबर पळत नाही, जंगलात पाचोळा सगळ्यांचाच वाजतो. माणूस ओळखू येतो तो त्याच्या एकसारख्या पावलांमुळे. म्हणून मामा दोन पावलं टाकतात, थांबतात, मग पाच टाकतात, पुन्हा थांबतात, मग एक. वेळचेरीच्या सिग्नलला भर गर्दीत ते असे चालत असताना त्यांच्या मागे मी हात जोडून रिक्षावाल्यांची माफी मागत गेलेलो आहे. आणि हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देणार नाहीत, दुसऱ्या हाकेलाही नाही. मामी रोज जेवायला तीनदा बोलावतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. मी एकदा कारण विचारलं. मला वाटलं, सारखं बोलावणं हीसुद्धा नवशिक्याची चूक वगैरे काहीतरी निघेल. मामा विभूतीची डबी उघडत मिटत म्हणाले, "माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, मापिळ्ळै. दुसरें कांहीं असलें तर दोनदांच मारतें." भर दिवसा, सकाळी अकरा वाजता माझ्या मानेवर काटा आला.

त्या दिवसापासून मी जरा नीट बघायला लागलो. कारखान्यात मी क्वालिटीला आहे, चूक शोधणं हाच धंदा. आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मामांच्या सगळ्या वागण्यात कुठेतरी काहीतरी उलट आहे. इथे दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, पूर्वेकडून. शिकाऱ्याने वारा तोंडावर घ्यायचा, हे मामांनीच मला शंभरदा सांगितलेलं. पण मामा गच्चीत बसतात ते पूर्वेला पाठ करून! मी विचारलं, "मामा, सांबर बसतं कसं हो?" ते सहज म्हणाले, "वाऱ्याकडे पाठ करून. मागून येणारा नाकाला कळतो, पुढून येणारा डोळ्यांस दिसतो." खाली रस्त्यावर बसचे हॉर्न चालू होते, पलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, आणि मला कळलं की इतकी वर्षं हा माणूस शिकाऱ्यासारखा वागतच नव्हता. तो लपत होता. शिकाऱ्यांच्या चुका त्यांना इतक्या पाठ होत्या, कारण त्यांच्या मागावर जे कोणी होतं ते यातली एकही चूक करत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, तेही माझ्याकडे सरळ बघून. त्यांचे वडील निलगिरीत एका चहाच्या मळ्यावर कारकून होते. मळ्याचा गोरा साहेब सांबराला एल्क म्हणायचा, आणि त्याच्यामुळे वडिलांना शिकारीचा नाद. मामा एकोणीस वर्षांचे, बंदुकीला पहिल्यांदाच हात लावलेला. दरीच्या काठावर संध्याकाळी एक मोठा नर उभा होता, आणि मामांनी घाई केली. गोळी छातीत बसायची ती पोटात बसली. "सगळ्यांत मोठी चूक ती नव्हे," मामा म्हणाले. "लोक लगेच धांवतात, ती चूक मोठी. जखमी जनावराच्या मागें धांवलें कीं तें पळत सुटतें आणि हालहाल होऊन मरतें. तासभर बसायचें असतें. आम्ही बसलों. तोंवर धुकें उतरलें, अंधार झाला. बाबा म्हणाले, उद्यां पहांटे येऊं, त्याला असें सोडतां येत नाहीं." पहाटे वडील उठवायला आले. मामा जागे होते. रात्रभर जागेच होते, आणि त्या जनावराकडे पुन्हा जायची त्यांना भीती वाटत होती. वडिलांनी हाक मारली, दोनदा मारली, आणि मामांनी झोपेचं सोंग घेतलं. वडील एकटेच गेले. दिवस मावळता, माग हरवून, रिकाम्या हाताने परत आले आणि एवढंच म्हणाले, ते ओढ्यापर्यंत गेलं होतं, पाण्याशी बसलं होतं, रात्रभर जिवंत होतं.

"जखमी झालें कीं पाण्याकडेच जातें," मामा म्हणाले. "तेथें माझी वाट पाहिली असेल त्यानें."

मी इंजिनिअर माणूस. मी समजूत घातली, मामा, इतकी वर्षं कुठलंही सांबर जगत नाही, आणि जगलं तरी निलगिरीहून वेळचेरीला येऊन काय करील? मामांनी मान डोलावली. पण त्याच नोव्हेंबरात, पाऊस धो धो पडून गेल्यावर सकाळी त्यांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. चिखलात एक खूर उमटला होता. गिंडीच्या जंगलातली ठिपक्यांची हरणं मी पाहिलीत, त्यांचा खूर केवढासा. हा मामांच्या चार बोटांएवढा होता. मी म्हटलं, गाय असेल, या शहरात गाईंना काय तोटा आहे? मामा म्हणाले, "गाय चार पायांनीं चालते. हें एकच पाऊल आहे. बाकीचीं तीन कोठें?" वॉचमनने पाण्याची नळी सोडून ते धुऊन टाकलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

जानेवारीत भोगी आली. इथे भोगीच्या पहाटे लोक घरातलं जुनंपुराणं रस्त्यावर जाळतात, चटया, केरसुण्या, टायरसुद्धा, आणि सगळं शहर धुरात बुडतं. विमानं उतरत नाहीत, समोरची इमारत दिसत नाही. सहाच्या सुमारास मामींचा फोन आला. आम्ही दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. "हे घरांत नाहींत. चपला एथेंच आहेत. डबी पण ठेवून गेलेत." शहाहत्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्याला मोतीबिंदू, अनवाणी, आणि हात पुढे केला तर हात दिसू नये असा धूर. मी जिना उतरताना दोनदा घसरलो. बायको पोलिसांना फोन लावत होती, पण मला कळून चुकलं होतं की मामांनी आजचाच दिवस का निवडला. वारा मेलेला, धूर दाटलेला. आज कुणालाच कुणाचा वास येणार नव्हता. आज लपण्यात अर्थ नव्हता आणि शोधण्यातही नाही, आणि अशा दिवशी मामा जातील ते पाण्याकडेच. मी वेळचेरीच्या तळ्याकडे धावत सुटलो.

तळ्याच्या पायऱ्यांवर धूर इतका होता की मला आधी त्यांचा पांढरा पंचा दिसला आणि मग मामा. शेवटच्या पायरीवर बसले होते, पाय पाण्यात. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जाऊन शेजारी बसलो. मामा पुटपुटले, "समोर पाहूं नका." मी नाही पाहिलं. शप्पथ घेऊन सांगतो, मान वर केली नाही, माझ्याच गुडघ्यांकडे बघत राहिलो. पण ऐकू येत होतं. आठदहा हातांवर, लव्हाळ्याच्या बाजूला, काहीतरी मोठं श्वास घेत होतं. घरघर होती त्या श्वासात.

मामा बोलायला लागले. मराठी तीच बखरीतली, पण अगदी लहान मुलासारखं बोलत होते. "मी जागा होतों. बाबांनीं हाक मारली तेव्हां मी जागा होतों. मज भय वाटलें म्हणून आलों नाहीं. तुला तसेंच टाकून दिलें. चुकलें माझें." त्यांना रडू कोसळलं. मी त्यांचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. मग पाण्याचा आवाज झाला. पिण्याचा आवाज, सावकाश, मध्ये थांबून, पुन्हा पिण्याचा. किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी लव्हाळं मोडत ते गेलं, आणि जाताना एक पाय ओढत गेलं.

"मामा," मी म्हटलं, "काय होतं ते?"

मामांनी पंच्याने तोंड पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नावालाही नव्हती, पण असं काही दुःख होतं की मलाच भरून आलं. "म्हातारें झालें हो तें," ते म्हणाले. "दांत गेलेत. चालवत नाहीं त्याला. मी उगीच धांवत राहिलों, मापिळ्ळै. त्याला नुसतें कुणीतरी जवळ बसायला पाहिजे होतें." तेवढ्यात मामी धापा टाकत आल्या, त्यांनी मामांना जन्मात दिल्या नसतील तेवढ्या शिव्या दिल्या, आणि त्यांच्या ओल्या पायांत चपला चढवल्या.

तेव्हापासून मामा रोज उजाडता तळ्यावर जायचे. देवळाबाहेर गाईंना घालायला अगत्ती कीरै विकतात, हादग्याच्या पाल्याची जुडी, ती घ्यायचे, कोवळी बघून घ्यायचे, दात नाहीत म्हणून. जुडी शेवटच्या पायरीवर ठेवायची, थोडा वेळ शेजारी बसायचं आणि घरी यायचं. दुसऱ्या दिवशी जुडी नसायची. गाई खात असणार, मी बायकोला सांगतो, तीही हो म्हणते.

गेल्या महिन्यापासून मामा अंथरुणावर आहेत. डॉक्टर छातीबद्दल फार काही बोलत नाहीत, मामींना बाहेर बोलावून बोलतात. मामींनी टेबलफॅन त्यांच्या उशाशी आणून लावलाय आणि मामा त्याला काही म्हणत नाहीत. ओरगडमची बस सातला येते, तेव्हा त्याआधी जुडी ठेवायला आता मी जातो. पहिल्या दिवशी निघताना मामांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ठेवून तसेंच येऊं नका. त्याला सांगा, आतां फार दिवस नाहींत, मी येतोंच आहें. तोंवर थांब म्हणून सांगा."

पायरीवर आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून, मी ते सांगतो. मोठ्याने सांगतो. मी बोलत असतो तोपर्यंत लव्हाळ्यातलं चघळणं थांबलेलं असतं. मग ते पुन्हा सुरू होतं, आणि मी बस पकडायला निघतो.