ड्रॅगनच्या पारावरचे सर

"थांबा, दार लावून येतो."

आमची बैठक सुरू झाली की सरांचं पहिलं वाक्य हेच. मग फोनमधून चपलांची फटफट, कडी सरकल्याचा आवाज आणि पुन्हा चपला. "हं. आता सांगा. गुहेत शिरला का तो?"

"सर, अजून उजेड आहे बाहेर," कोणीतरी चिडवायचं.

"असू द्या. उजेडाचा काय भरवसा?"

बैठक म्हणजे मोबाईलवरची. आमचा एक गट आहे, फँटसी वाचणाऱ्यांचा. ड्रॅगन, चेटकिणी, शापित राज्यं, बोलणारी जंगलं यांचं ज्यांना वेड आहे आणि ज्यांच्या घरात ते वेड कुणालाच कळत नाही, अशी माणसं इथे जमतात. गटाचं नाव 'ड्रॅगनचा पार'. दर रविवारी संध्याकाळी सगळे फोनवर एकत्र यायचे. कोल्हापूरच्या एक प्राध्यापक बाई इंग्रजी कादंबरी वाचून तिचं एकेक प्रकरण मराठीत सांगायच्या, आणि मग त्यावर भांडणं व्हायची. पारनेरचा एक मेडिकलवाला भांडण लावण्यात पटाईत होता. मी संगमनेरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. भांडण सोडवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं.

सर त्यात वयानं सगळ्यांत मोठे. मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. संगमनेर तालुक्यातच, प्रवरेच्या कालव्याकडे त्यांची वस्ती होती. चारी बाजूंनी ऊस आणि मधोमध घर, गोठा, एक कुत्रं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात सर आणि काकू दोघंच.

इतका भित्रा वाचक मी दुसरा पाहिला नाही. तुमच्याही ओळखीत एखादा असेल, सिनेमा बघताना बोटांच्या फटीतून बघणारा. सर पुस्तकं तशी वाचायचे. नवीन कादंबरी सुरू करायच्या आधी ते मला खासगीत फोन करत. "शेवट गोड आहे ना? एवढंच सांगा. बाकी मी सोसतो." गोड आहे म्हटलं की मग निवांत घाबरायला मोकळे.

ते आमच्यासाठी चित्रं काढायचे. प्रकरण ऐकून झालं की दोन दिवसांनी गटावर चित्र यायचं, जलरंगातलं, फोटो किंचित तिरका. किल्ले, जंगलं सुरेख असायची. राक्षस मात्र सगळे घाबरलेले दिसायचे. एकदा मेडिकलवाल्यानं विचारलंच, "सर, ह्या ड्रॅगनचं तोंड असं का? जसं काय इंजेक्शन द्यायला नेलंय त्याला."

"मग? एवढी माणसं तलवारी घेऊन घरात घुसली त्याच्या," सर म्हणाले. "तो नाही का घाबरणार?"

सरांनी फोनला जोडायचा एक लहानसा स्पीकर घेतला होता. त्याला ते डबा म्हणायचे. दूध काढायच्या वेळेला बैठक चालू असली तर डबा गोठ्यात खुंटीला अडकवायचे. "गाई ऐकतात हो," ते सांगायचे. मागून काकूंचा आवाज यायचा, "गाया ऐकत न्हाईत. ह्यांना एकट्याला गोठ्यात भ्या वाटतं, म्हनून."

आम्ही हसायचो. सरही हसायचे.

त्या वर्षी थंडीत आमच्या भागात बिबट्याचा फार बोलबाला झाला. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. आज ह्या वस्तीवरची शेळी नेली, उद्या त्या वाडीत कुणाच्या दारात दिसला. ऊस उंच झालेला, तोड अजून यायची होती. लोक शेतात जाताना मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून जायचे. आवाज असला की तो लांब राहतो म्हणतात. पोरांना एकटं सोडत नव्हते. सर मात्र बैठकीत त्याचं नाव काढू द्यायचे नाहीत. कोणी विषय काढलाच तर म्हणायचे, "तो विषय इथं नको. इथं आपला ड्रॅगन बरा."

आणि मग तो रविवार.

दिवस मावळत होता. कोल्हापूरच्या बाई रंगात येऊन प्रकरण सांगत होत्या. सरांचा माईक बंद होता. गोठ्यात असतील असं आम्ही धरून चाललो. मध्येच त्यांचा माईक सुरू झाला आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "सगळे गप्प बसा जरा."

मेडिकलवाला हसला. "काय सर, दार लावायचं राहिलं का?"

"हसू नका. कुत्रं भुंकत हुतं. मधीच थांबलं."

सर असं 'हुतं' वगैरे कधी बोलत नसत. शाळेची भाषा जपून वापरणारा माणूस. तो एक शब्द ऐकून मी उभाच राहिलो.

"सर, घरात जा आणि दार लावून घ्या," मी म्हणालो.

"घरातच हाय मी. ही बाहेर गेलीय. मोटार बंद करायला, विहिरीवर."

"काकूंना फोन लावा."

"लावला. तिचा फोन हितं खाटेवर वाजतोय."

तो वाजतानाचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. एखादा फोन खाटेवर पडून वाजत राहतो आणि कोणी उचलत नाही, एवढ्या गोष्टीची मला तोवर कधी भीती वाटली नव्हती.

शेजारची वस्ती बरीच लांब, आणि तिथली माणसं लग्नाला गेलेली. मेडिकलवाला म्हणाला, "मी वनखात्याला दुसऱ्या फोनवरून कळवतो." मी म्हणालो, "मी निघतो." पण संगमनेरहून त्यांच्या वस्तीवर पोचायला मला बराच वेळ लागला असता, हे मलाही माहीत होतं आणि सरांनाही.

"निघू नका. कुणी फोन ठेवू नका," सर म्हणाले. मग नुसता श्वास. धापा टाकल्यासारखा. "माझ्यानं व्हायचं न्हाई हो हे. पाय उचलत न्हाई माझा."

बाई फार हळू म्हणाल्या, "सर, तुम्ही आत थांबा. काकू शहाण्या आहेत. त्या कुठेतरी आडोशाला थांबल्या असतील."

"आन नसल्या तर?"

फोनवर खडखड झाली, काहीतरी पडलं. मग सरांचा आवाज आला, एकदम मोठा, वर्गातल्या मागच्या बाकांपर्यंत जाणारा. "ऐका. मी डबा गळ्यात अडकवतोय. तुमी सगळे बोला. मोठ्यानं. वरडा, भांडा, काय वाट्टेल ते करा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

आणि कडी सरकल्याचा आवाज आला. ह्या वेळी उघडण्याचा.

ओरडा म्हटल्यावर माणूस काय ओरडतो? आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत. बाईंनी एकोणतिसाचा पाढा सुरू केला, टिपेच्या आवाजात. मेडिकलवाला औषधांची नावं ओरडू लागला. मी एसटीच्या कंडक्टरसारखा "नाशिक, नाशिक, नाशिक" असं ओरडत सुटलो. घरातली माणसं धावत आली, मी त्यांना हातानं लांब राहा म्हणून सांगितलं. परभणीकडची एक मुलगी गटात नवीन होती, कधी बोलायची नाही. ती नुसतीच किंचाळत होती. कुणीतरी ताट बडवत होतं.

खरी भीती पुढेच होती. आम्ही ओरडत असल्यामुळे तिकडचं आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मध्येच पाचोळ्याची खसखस, मध्येच सरांची हाक, "अगं ए!", आणि पुन्हा आमचाच गोंधळ. एकदा काहीतरी गुरगुरल्यासारखं वाटलं. तो डब्याचा आवाज होता की आणखी कशाचा, कोण सांगणार? थांबून ऐकावं असं प्रत्येकाला वाटत होतं आणि थांबायची कुणाची छाती होत नव्हती. बाईंचा आवाज फाटला. त्या रडत होत्या आणि रडता रडता पाढा म्हणत होत्या, चुकीचा.

मग सरांचं नाव फोनच्या पडद्यावरून गेलं. संपर्क तुटला.

आम्ही तरीही थोडा वेळ ओरडतच होतो. मग एकेक जण गप्प झाला. कोणी फोन ठेवला नाही. मेडिकलवाला एकदाच म्हणाला, "वनखात्याची गाडी निघालीय." मी घरातल्या दुसऱ्या फोनवरून सरांना फोन लावत होतो, लागत नव्हता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आमच्या घरात कोणी दिवासुद्धा लावला नव्हता.

शेवटी गटावर सरांच्या नावानं एक आवाजी निरोप आला. आवाज काकूंचा होता.

"घरी आलोय आमी. दोघं बी. ह्यांना बोलता यीना झालंय. पानी पाजलंय. तुमी आता जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वस्तीवर गेलो. सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पायांना उसाच्या पात्यांनी कापलेलं. माझ्याकडे बघून हसले. चहा घेता घेता काकूंनीच सगळं सांगितलं.

मोटार बंद करून त्या वळल्या तर तो बांधावर बसलेला. त्यांच्या आणि घराच्या मध्ये. कुत्र्याला त्यानं आधीच मारलं होतं. काकू उलट्या पावलांनी मोटारीच्या खोलीत शिरल्या आणि पत्र्याचं दार ओढून धरलं. आतून कडी नव्हती. तो दारापर्यंत आला. पत्र्याला नाक लावून हुंगत होता म्हणाल्या.

"मी वडून धरलंय दार, हातातलं बळ चाललंय. आन एकदम लांबनं मानसांचा कालवा ऐकू आला. मला वाटलं वरात आली का काय. कोन पाढे म्हनतंय, कोन नाशिक नाशिक करतंय. मी म्हनलं, बये, मेले का काय मी? वर अशी गर्दी असती का?"

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

"कालवा दाराशी आला. तो पळाल्याचं मला कळलं. दार उघडलं तर हे. गळ्यात डबा. आन डोळे मिटलेले. बांधावरनं डोळे मिटून आलं हो हे मानूस! रोजच्या सवयीच्या वाटंनं, चाचपडत. मी हात धरला तरी उघडीनात."

सर खाली बघत म्हणाले, "उघडले असते तर आलोच नसतो."

गटावर आम्ही त्यांना शूर म्हटलं, सरदार म्हटलं, मेडिकलवाल्यानं त्यांना एक पदवीही बहाल केली. गोष्टीत असं झालं की माणसाची भीती कायमची जाते. सरांचं तसं झालं नाही. त्यांची भीती वाढली. वनखात्यानं पिंजरा लावला, काही दिवसांनी एक बिबट्या सापडलाही. सर मला फोनवर म्हणाले, "तोच कशावरून?" ते बैठकीला यायचे, पण बोलायचे कमी. चित्रं बंद झाली. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं म्हणाले. "पूर्वी घाबरताना मजा यायची. पुस्तक मिटलं की संपायचं. आता मिटलं तरी चालूच राहतं."

बाईंनी मग काही न बोलता गोष्टी बदलल्या. राक्षस नसलेल्या कादंबऱ्या निवडू लागल्या. नुसते प्रवास, धर्मशाळा, जेवणावळी. सरांच्या ते लक्षात आलं. एका रविवारी म्हणाले, "बाई, माझ्यासाठी राक्षस गाळू नका. त्यांच्यावाचून गोष्ट चालायची कशी? मी कान झाकीन तेवढ्यापुरते."

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. हृदयविकार. दवाखान्यात, दिवसाढवळ्या, काकू आणि मुलगी उशाशी असताना. आम्ही गटातल्या माणसांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या मातीला, चर्चच्या आवारात. कोल्हापूरच्या बाई एवढ्या लांबून आल्या होत्या. कोण कोण हे चेहऱ्यावरून कळेना. कोणीतरी "जरा सरका" म्हणालं आणि त्या आवाजावरून मी मेडिकलवाल्याला ओळखलं.

पण सर डोळ्यांपुढे येतात ते त्याच्याही आधीच्या, आमच्या शेवटच्या भेटीतले. मी सहज वस्तीवर गेलो होतो. गप्पांत उशीर झाला, ऊन उतरलं. माझी मोटारसायकल रस्त्यावर लावलेली, कारण मधली वाट चिखलाची होती. सर काठी घेऊन उठले.

"सर, तुम्ही नका येऊ. मी जातो," मी म्हणालो.

"पाव्हण्याला एकट्याला सोडायचं? बरं दिसतं का?"

दोन्हीकडे ऊस. सर माझ्या पुढे चालत होते आणि सगळ्या वाटेनं मोठमोठ्यानं बोलत होते, मला काय काय विचारत होते आणि उत्तराला थांबत नव्हते. त्यांची मान घामानं भिजली होती. रस्ता आला. त्यांनी माझा हात हातात घेतला. बर्फासारखा गार हात. "सावकाश जा," म्हणाले.

ते वळले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता त्यांना हीच वाट एकट्यानं जायची आहे. मी म्हणालो, "चला, मी येतो घरापर्यंत."

"आन मग मी परत तुम्हाला सोडायला येऊ?" सर म्हणाले, आणि निघालेच.

मी गाडी चालू केली नाही. ते दिसेनासे झाले, आवाज तेवढा येत राहिला. उसाला उद्देशून, अगदी अदबीनं. "जरा बाजूला व्हा बरं का साहेब. घरी चाललोय. आमचं काय भांडण न्हाई तुमच्याशी. म्हातारा मानूस हाय. जाऊ द्या." आवाज बारीक होत गेला, मग पानांच्या सळसळीत मिसळला. मी कान देऊन उभा होतो. पलीकडे, उसाच्या शेंड्यांवरून, त्यांच्या अंगणातला दिवा लागला.