निम्मा खेळाडू

आमच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा तानाका रविवारी गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर असतो. जपानमधली ही खालच्या श्रेणीची लीग. खेळाडू आठवडाभर नोकऱ्या करतात. मी नवा आलो तेव्हा सामन्याला त्यांच्या बायका-मुलांशिवाय कुणी नसायचं. आता तिकिटाला रांग लागते. सामना संपल्यावर तानाका प्रेक्षकांपुढे कमरेत वाकतो, आणि माझा जीव जळतो.

कोल्हापुरात मी पेठेच्या संघात लेफ्ट विंगला खेळायचो. घरातला पहिला पदवीधर मीच, त्याचा अभिमान आहेच. पण बारावीला वडिलांनी, अण्णांनी, माझे बूट माळ्यावर टाकले, ते कायमचे. काल फोनवर त्यांना तानाकाचं सांगितलं.

“म्हंजे त्यो खेळाडू का कामगार?”

“दोन्ही, अण्णा.”

“म्हंजे धड काहीच न्हाई की रं!”

आपल्याकडे निम्मं चालतच नाही. देशाकडून खेळ, नाहीतर गप अभ्यास कर. इथं असल्या निम्म्या माणसांनीच अख्खी लीग वाढवली.

आज जेवणाच्या सुट्टीत तानाका म्हणाला, “सरावाला एक माणूस कमी पडतोय. येतोस?”

मी सवयीनं म्हणालो, “अरे, मी इंजिनिअर आहे.”

“बरं,” तो म्हणाला, “मग कितीला सुटतोस?”