न पुसलेली सुई

हे मी अजून कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — देव जाणे.

शालन पलूसची. आमच्या कॉलेजात माझ्यानंतर वनस्पतिशास्त्राच्या संशोधनाला आली, मला ताई म्हणायची. त्या साली पाटणच्या वरच्या डोंगरात कारवी फुलली. सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. दोन उतारांवरची झुडपं हुबेहूब — पान तेच, जांभळा रंग तोच. पण शालननं सूक्ष्मदर्शकातून परागकण पाहिले आणि ती ओरडलीच. एका उताराचा कण दोडक्यासारखा, उभ्या शिरांचा. दुसऱ्याचा गोल, काटेरी. म्हणजे जाती वेगळ्या! पोरगी दिवसभर जमिनीवर नव्हती.

आमच्या मार्गदर्शक सरांना दाखवायच्या काचपट्ट्या आम्ही दोघींनी मिळून केल्या. एक फूल झालं की सुई ज्योतीवर धरायची, पुसायची, मगच दुसरं फूल — पोरांना हे मीच शिकवते. त्या दिवशी मी नाही पुसली. घाई होती? कसली घाई? कंटाळा केला, बस्स.

निम्म्या पट्ट्यांत दोन्ही कण निघाले. पट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या शालनच्या हातच्या, तिचं अक्षर सुरेख म्हणून. सर तिच्यावरच भडकले — भेसळ केलीस, सगळं काम बाद! आणलेली फुलं संपलेली, डोंगरावरची झडलेली. मी शेजारी उभी. मला ठाऊक होतं, त्या पट्ट्या माझ्या. पण माझी नोकरी कायम व्हायची होती, सरांच्या शिफारशीवर. मी गप्प राहिले. शालन महिन्याभरात संशोधन सोडून गेली.

सात वर्षांनी कारवी पुन्हा फुलली. मी एकटी गेले. सुई तीनतीनदा पुसली. त्या दुसऱ्या उताराचा कण तसाच होता — गोल, काटेरी. तिचंच खरं होतं. ती पट्टी मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हा तर नोकरी पक्की होती ना? मग कसली भीती? आता कुठलीही पट्टी लावली की आधी तो काटेरी कणच दिसतो — नसला तरी.

गेल्या महिन्यात मिरजेच्या दवाखान्यात शालन भेटली, सासूला घेऊन आलेली. औषधांच्या दुकानात काम करते म्हणाली. माझा हात धरला.

"तवा माझीच सुई पुसायची ऱ्हायली आसंल, ताई. तुमचंबी नाव खराब झालं आसतं. राग धरू नगा."

कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्येच होती.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ दे गं. मी कधीच माफ केलंय तुला."