होल्यांचं पाणी

पिंगळीच्या आमच्या घरात पाणी ओतून देणं हा गुन्हा आहे. नळ आठवड्यातून एकदा येतो, तेही त्याच्या मर्जीने. त्यामुळे आई तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला घालते, भांडी विसळलेलं कढीपत्त्याला. मी ग्लासात घोटभर उरवलं तर माझ्याकडे रोखून बघत ते स्वतः पिते. मी शाळेत शिक्षिका आहे, पोरं मला टरकतात, पण त्याचा घरात काडीचा उपयोग नाही.

हीच बाई उन्हाळा लागला की अंगणाच्या भिंतीवर होल्यांसाठी मातीचं परळ मांडते, शेजारी मूठभर ज्वारी. माझ्यापेक्षा त्या पाखरांचे जास्त लाड होतात, असं मी तिला ऐकवतेही. "ते तुझ्यासारखं उलटं बोलत न्हाईत," म्हणते. परळ मात्र ती कधी रिकामं करायची नाही. पाणी कमी झालं की वरून तांब्याभर ओतायची.

गेल्या मे महिन्यात एक होला पिसं फुगवून भिंतीवर बसून राहिला. चोचीत दाणा घ्यायचा, गिळायला बघायचा आणि दाणा खाली पडायचा. गळा सुजला होता, चोचीतून लाळ गळत होती. आईला वाटलं, ऊन लागलं. तिने परळ काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी तो मोगऱ्याखाली मरून पडला होता आणि भिंतीवर आणखी दोघं तशीच फुगून बसली होती.

मी फोटो काढून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. "घशाचा संसर्ग दिसतोय, मॅडम," ते म्हणाले. "आजारी पाखराची लाळ पाण्यात उतरते आणि तेच पाणी बाकीचे पितात. काही आठवडे परळ बंदच ठेवा. कालव्याला पाणी हाय, पांगतील. पुढं ठेवलं तर रोज ओतून, घासून, वाळवून मगच भरा."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भांडेल अशी माझी तयारी होती. ती खाली बसली.

"म्हंजे मीच पाजली का गं त्यांना बिमारी?"

मला डॉक्टरांचा राग आला, नळाचा आला. "तुला काय माहीत होतं?" मी उगाचच ओरडले. ती उठली, भरलेलं परळ उचललं आणि सगळं पाणी बाहेर कोरड्या मातीत ओतलं. मग परळ घासून उन्हात पालथं घातलं.

दुपारी नेहमीच्या वेळेला होले आले. परळाभोवती फिरले, एक तर त्याच्यावरच चढून बसला. आईचं ताट वाढलेलं होतं, पण तिने पाण्याला हात लावला नव्हता. "पी ना," मी म्हणाले. "त्यांच्यादेखत कसं पिऊ?" म्हणाली आणि अंगणात गेली.

"जावा लेकरांनो, कालव्याला जावा," तिने पदर हलवला. एकही उडाला नाही. उलट दोघं भिंतीवरून उतरून तिच्या पायाशी आले. तिला भ्यायचं असतं, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी माझी आई रडत रडत, जोरजोरात टाळ्या वाजवत त्यांच्या अंगावर धावली.